जुने, मूळ आणि खरे

जुन्या मोटारीला काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता रिकामटेकड्यांचा वाटतो. आम्ही जुन्या मोटारींचे चाहते एकत्र जमलो की तासन् तास त्यावर वाद घालतो, आणि घरची माणसे चहाचे कप उचलता उचलता आमच्याकडे करुणेने पाहतात. एक जण ‘व्हिंटेज’ म्हणतो, दुसरा त्याला अडवून ‘क्लासिक’ म्हणा असे सांगतो, तिसरा ‘अँटिक’ हा शब्द पुढे करतो. शेजारच्या खोलीतून कोणीतरी ‘खटारा’ असा चौथा शब्द सुचवते. या शब्दांच्या भांडणाखाली एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा प्रपंच.

प्रथम शब्दच पाहू. इंग्रजीतून आलेल्या या शब्दांपैकी प्रत्येकाच्या पोटात एक वेगळे चित्र आहे. ‘व्हिंटेज’ हा शब्द द्राक्षमळ्यातला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ द्राक्षांची तोडणी. त्यावरून अमुक वर्षाच्या पिकाचा द्राक्षारस, आणि तेथून अमुक काळातली मोटार. ‘व्हेटरन’ म्हणजे रोमन सैन्यातला सेवा पुरी केलेला जुना शिपाई. ‘क्लासिक’ म्हणजे रोमच्या नागरिकांतील पहिल्या वर्गाचा, धनवान. ‘अँटिक’ म्हणजे केवळ पूर्वीच्या काळचा. म्हणजे पहिला शब्द जन्मवर्षाचा मान राखतो, दुसरा सेवेचा, तिसरा प्रतिष्ठेचा आणि चौथा निव्वळ वयाचा. चारही शब्द आपण एकाच गाडीला लावतो, पण आदर चार निरनिराळ्या गोष्टींचा करीत असतो.

इंग्लंडातील शौकिनांनी याच्या काटेकोर सीमा आखल्या. १९१९ ते १९३० या काळातील ती व्हिंटेज. लंडनहून ब्रायटनला जाणाऱ्या प्रसिद्ध फेरीत १९०५ पूर्वीच्याच व्हेटरन गाड्यांना प्रवेश. अमेरिकेतील एक मोठी संस्था मात्र पंचवीस वर्षांच्या गाडीलाही अँटिक म्हणावयास तयार असते. आपल्या देशात १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याप्रमाणे साधारणतः शंभर वर्षे झाल्याशिवाय वस्तू ‘पुरावस्तू’ ठरत नाही. मोटारींसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरील मोटार ही व्हिंटेज. तिच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. रोजच्या वापराला मनाई. एक अटही घातली : चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. या अटीकडे आपल्याला पुन्हा वळावयाचे आहे.

त्याच २०२१ साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही जाहीर झाले, हा योगायोग मोठा बोलका आहे. खासगी मोटार पंधरा वर्षांची झाली की तिच्या योग्यतेची तपासणी सुरू होते आणि पन्नास वर्षांची झाली की तिला मानाची अक्षरे मिळतात. मधली पस्तीस वर्षे तिला कोणी वाली नाही. त्या काळात ती नुसती जुनी असते, अडगळीची, मुलांना लाज आणणारी. जिला आज आपण वारसा म्हणून हार घालतो त्या प्रत्येक मोटारीला कोणीतरी या पस्तीस वर्षांच्या वनवासात, काहीही मान मिळत नसताना, तेलपाणी केलेले असते. (घरातल्या माणसांच्या बाबतीतही उत्तरवयाचा असा एक काळ असतो, पण तो वेगळा विषय.) मुंबईतील प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. वीस वर्षांची मर्यादा संपेपर्यंत तिच्यात बसताना आपण सगळे मागच्या आसनाच्या स्प्रिंगांबद्दल कुरकुरतच होतो.

मराठी शब्दांची गंमत आणखी निराळी आहे. मोटारीचे अवयव घोडागाडीकडून नावे घेऊन आले. ‘फेटन’ हा शब्द आपल्या आजोबांना मोटारीच्या आधी घोड्याच्या गाडीमुळे ठाऊक होता, आणि त्याच्याही मागे सूर्याचा रथ हाकू पाहणारा ग्रीक पुराणातला पोर उभा आहे. ‘डॅशबोर्ड’ म्हणजे घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी फळी. घोडा गेला, चिखल गेला, फळी राहिली आणि तिच्यावर घड्याळे बसली. ‘शोफर’ म्हणजे फ्रेंच भाषेत भट्टी पेटवणारा. ‘डिकी’ हे मागच्या बाजूच्या उघड्या, घडीच्या आसनाचे नाव. ते आसन नाहीसे झाले आणि आपल्याकडे सामान ठेवण्याच्या कप्प्याला ते नाव चिकटले. या शब्दांना कोणी खोटे म्हणत नाही. शब्दाचे एकेक लाकूड बदलत गेले, तरी शब्द तोच राहिला. मग गाडीबाबत आपण इतके हटून का बसतो?

कोल्हापूरकराला या प्रश्नाचे मूर्त रूप दरवर्षी पाहावयास मिळते. विजयादशमीच्या संध्याकाळी दसरा चौकात शमीपूजनाचा सोहळा होतो. देवींच्या पालख्या येतात, आणि छत्रपती घराण्यातील मंडळी येतात ती मेबॅक मोटारीतून. गर्दीत खांद्यावर बसलेली पोरे पालखीइतकीच त्या गाडीची वाट पाहत असतात. ‘मेबॅक’ हा जर्मन शब्द कोल्हापुरात इतका मुरला आहे की तो परका आहे हे सांगावे लागते. विल्हेल्म मेबॅक हे डाइमलर यांचे सहकारी. त्यांनी व त्यांचे पुत्र कार्ल यांनी १९०९ साली सुरू केलेला कारखाना प्रथम झेपेलिन विमाननौकांची इंजिने बनवीत असे. मोटारी निघू लागल्या त्या १९२१ पासून, आणि दुसऱ्या महायुद्धात तो उद्योग थांबेपर्यंत साऱ्या मिळून दोन हजारही झाल्या नाहीत.

मेबॅकविषयी आम्हांला विशेष महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. हा कारखाना मुख्यतः चासी आणि इंजिन तयार करी. वरचा देह गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे दुसराच कारागीर घडवी. राव्हेन्सबुर्ग गावचा श्पोन हा त्यांतला नामांकित. त्या काळच्या बहुतेक उंची मोटारींची हीच तऱ्हा होती. आमच्यातील एक सद्गृहस्थ ‘मूळ गाडी’ हा शब्द उच्चारतात तेव्हा आम्ही त्यांना विचारतो, कोणती? कारखान्यातून निघाली ती बिनदेहाची, की सुताराच्या व पत्रेकाराच्या हातून गेल्यावर झाली ती? जन्मतःच जी दोन घरांची, तिचे मूळ कोणत्या घरी शोधायचे?

या प्रश्नाचा निकाल एकदा न्यायालयाला द्यावा लागला. ती हकीकत सांगण्यासारखी आहे. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या बेंटली स्पीड सिक्स मोटारीने फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. शर्यतीच्या मोटारीचे आयुष्य म्हणजे सततची मोडतोड. प्रत्येक शर्यतीनंतर भाग बदलत गेले. १९३२ साली तिच्यात अधिक मोठे इंजिन बसवले होते, त्या वेळी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखी पडला. पुढे तिची पुन्हा बांधणी झाली, देह बदलला, ती बंदिस्त कूपे झाली. १९९० साली ही मोटार एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला, आणि मग घेणाऱ्या कंपनीने पाय मागे घेतला. तिचे म्हणणे असे की, ल मां जिंकणाऱ्या गाडीचे फार थोडे भाग हिच्यात उरले आहेत. ही ती गाडीच नव्हे.

न्यायमूर्ती ऑटन यांनी दिलेला निकाल आम्ही तर्कशास्त्राचा धडा म्हणून वाचतो. त्यांनी आधी शब्द वेगळे केले. १९२९ ला शर्यतीत उतरलेली ‘मूळ’ गाडी, सर्व भागांसह, ही नव्हे, हे त्यांनी मान्य केले. कोणी तसा दावाही करीत नव्हते. परंतु ही नक्कल नाही, किंवा नष्ट झालेल्या गाडीची नव्याने केलेली जुळणीही नाही. गाडी नाहीशी झाली आणि कोणीतरी मागाहून तुकडे गोळा करून ती उभी केली, असा खंड तिच्या इतिहासात कोठेही पडलेला नाही. त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही जगात नाही. म्हणून ती ‘खरी’ ओल्ड नंबर वन होय. करार पाळला गेला पाहिजे. ‘मूळ’ नाही, तरी ‘खरी’! आपण रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द एकाच पिशवीत घालतो. न्यायालयाने ते वेगळे केले आणि मधल्या फटीतून एक कोटी पौंड इकडून तिकडे गेले.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटणार नाही. प्लुटार्कने थिसिअसच्या नौकेची गोष्ट सांगून ठेवली आहे : अथेन्सचे लोक तिच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत गेले आणि नौका तीच की दुसरी यावर पंडित भांडत राहिले. इंग्रज तत्त्ववेत्ता हॉब्ज याने पेच वाढवला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचीच दुसरी नौका बांधली, तर? आमच्या मोटारींच्या जगात ही निव्वळ कल्पना नाही. एकाच क्रमांकाची चासी एका गॅरेजात आणि तिचे इंजिन दुसऱ्या गॅरेजात असते, आणि दोघेही मालक छाती पुढे काढून तेच नाव सांगतात.

आपल्या भूमीतले उत्तर तर वाहनाविषयीच आहे. मिलिंद राजाला भिक्षू नागसेन विचारतो, तू येथे कशाने आलास? रथाने. मग दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. ‘रथ’ ही भागांच्या आधाराने रूढ झालेली संज्ञा आहे, एवढेच अखेर हाती उरते. हे उत्तर तीक्ष्ण आहे, पण आमचे त्याने समाधान होत नाही. नाव ही केवळ संज्ञा असेल तर ती कोणीही कशालाही द्यावी आणि बाजाराने ती मान्य करावी, एवढ्यावर काम भागेल. आणि बाजार तर तेच करू पाहतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न देहाच्या पुनरुत्थानाच्या संदर्भात हाताळला आहे. ‘सुम्मा कोंत्रा जेन्तिलेस’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात ते अग्नीचा दाखला देतात. लाकडे जळून जातात, नवी घातली जातात, तरी चूल पेटती राहिली तर आपण अग्नी तोच म्हणतो. मनुष्याच्या देहातील द्रव्यही आयुष्यभर येत-जात राहते आणि तरी मनुष्य तोच राहतो, कारण त्याचा आत्मा, त्याचे रूपतत्त्व, टिकून असते. हा विचार आम्हांला पटतो, आणि येथेच आमची मोटार अडते. तिला आत्मा नाही. मग तिचा अग्नी कोण पेटता ठेवतो?

आमच्या मते त्याचे उत्तर गाडीच्या बाहेर आहे. ज्यांनी तिला सांभाळले, चालवले, दुरुस्त केले आणि काय केले ते लिहून ठेवले, त्यांच्या अखंड साक्षीत तिचे तेपण असते. एखादा माणूस आपल्या पूर्वायुष्याविषयी खोटे बोलला तर तो खोटारडा ठरेल, पण माणूस तोच राहील. मोटारीविषयी खोटी नोंद केली तर ती मोटार ‘ती’ राहतच नाही, कारण तिचे तेपण उभेच मुळी त्या नोंदीवर असते. म्हणून जुन्या वस्तूच्या बाबतीत खोटे बोलणे हे वस्तू मोडण्यासारखेच आहे; हातोडीचा आवाज मात्र येत नाही. आठव्या आज्ञेचा, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याचा, विचार आपण माणसांपुरता करतो. गाडीची खोटी साक्ष अखेर तिच्या पुढच्या मालकाविरुद्धच दिलेली असते.

यावर आमच्यातीलच एकाने चांगला आक्षेप घेतला. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले. त्या शतकातील छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. आपल्याला मिळाले ते हस्तलिखितांच्या द्वारे. तरी आपण ‘ख्रिस्तपुराण’च वाचतो, त्याची नक्कल वाचत नाही. मग मोटारीची हुबेहूब प्रत काढली तर तिला खरी का म्हणू नये? आक्षेप मार्मिक आहे. परंतु ग्रंथ शब्दांचा असतो. शब्द जसेच्या तसे उतरले की ग्रंथ उतरला. मोटार लोखंडाची आणि घटनांची असते. ल मांच्या वळणावर जी घासली गेली तिची प्रत काढता येते, घासले जाण्याची नाही.

वस्तुसंग्रहालयांच्या आठवणी निघाल्या की वाद आणखी एक वळण घेतो. अहमदाबादजवळ कठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल यांनी उभा केलेला मोटारींचा संग्रह आमच्यापैकी काहींनी पाहिला आहे. संस्थानिकांच्या एकाहून एक देखण्या मोटारी तेथे रांगेने उभ्या. एकाच्या मनात त्यांचे चकाकणारे दिवे राहिले, एकाच्या मनात कातड्याच्या आसनांचा वास, आणि एकाच्या मनात एक अस्वस्थता : इतकी शांतता! अॅरिस्टॉटलने म्हटले आहे की न पाहणारा डोळा, दगडात कोरलेल्या डोळ्यासारखा, केवळ नावाचाच डोळा. मग न चालणारी मोटार ही नावाचीच मोटार काय? कठवाड्याला शुल्क भरून जुन्या गाडीतून फेरी मारण्याची सोय होती, हे आम्हांला त्या संग्रहाचे मोठे शहाणपण वाटते. पण चालवायची म्हटली की झीज आली, झीज आली की भाग बदलणे आले, आणि भाग बदलला की ‘मूळ’पणा तेवढा कमी झाला. मूळ राखायची तर ती मरते. जिवंत ठेवायची तर मूळ राहत नाही. यातून सुटका नाही. दसरा चौकात येणारी मेबॅक चालत येते, म्हणून आमचे मत चालत्या गाडीच्या बाजूने झुकते. हे मत कोल्हापूरकराचे आहे हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

तेवढ्यासाठीच २०२१ च्या नियमांतील ‘मोठा फेरफार नसावा’ ही अट आम्हांला अपुरी वाटते. फेरफार किती, यापेक्षा फेरफार सांगितला काय, हे विचारणे अधिक न्यायाचे झाले असते.

याच शहरात अशी एक परीक्षा सध्या चालू आहे. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झालेले आणि पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळालेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या होती. दगडी भिंती उभ्या राहिल्या. छप्पर आणि रंगमंच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे तेथे उभी राहून रडली. ‘जसेच्या तसे’ उभारा, ही मागणी सर्वांच्या ओठी आली आणि पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. ही मागणी आमचीही आहे. परंतु ‘जसेच्या तसे’ या शब्दाचा अर्थ काय? नव्या तुळया जुन्यासारख्या रंगवून शंभर वर्षांच्या भासवाव्यात, असा कोणी घेतला तर आमचा त्याला विरोध आहे. तुळई नवी आहे हे तुळईने सांगावे. आगही त्या वास्तूच्या चरित्राचा भाग झाली आहे.

यावर कोणी म्हणेल की कोल्हापूर हे दसऱ्याला आपट्याच्या पानाला सोने म्हणणारे गाव, त्याने शब्दांच्या खरेपणाविषयी बोलावे काय? अवश्य बोलावे. पान देणारा आणि घेणारा, दोघांनाही ते पान आहे हे ठाऊक असते. कोणाची फसवणूक होत नाही. तेच पान सराफकट्ट्यावर सोने म्हणून विकावयास काढले तर शब्द तोच, पण गुन्हा घडतो. हुबेहूब घडवलेली नवी गाडी ही नवीच म्हणून दाखवली तर ती कारागिरीची थोरवी ठरते. बाबूराव पेंटरांनी परदेशी यंत्राच्या धर्तीवर कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा घडवला. त्याला कोणी खोटा म्हणत नाही, कारण तो विलायती आहे असे त्यांनी कधी सांगितले नाही. उलट त्याचा अभिमान तो येथे घडला याचाच आहे.

आणि घडवण्याचा विषय निघालाच आहे तर उद्यमनगरचा विसर पडू नये. ऑइल इंजिनांपासून मोटारींच्या ओतीव भागांपर्यंत काय काय तेथल्या फौंड्र्यांनी आणि लेथवाल्यांनी घडवलेले नाही? परदेशातून भाग येणे अशक्य झालेल्या जुन्या गाडीचा झिजलेला भाग मिस्त्री हातात घेतो, उलटासुलटा करतो, साच्याचा विचार करतो आणि आठवड्याने नवा भाग आणून ठेवतो. गाडी सुरू होते. प्रदर्शनात तिला बक्षीस मिळते तेव्हा फलकावर देश, कारखाना, वर्ष, अश्वशक्ती आणि मालकाचे नाव असते. तो भाग येथे ओतला हे मालक सांगत नाही, कारण सांगितले तर गाडीची किंमत उतरेल अशी त्याला भीती असते. वर आम्ही ज्या खोट्या नोंदीविषयी बोललो ती बहुधा अशी असते. लबाडीचा एक शब्दही न लिहिता, केवळ एक नाव गाळून ती पुरी होते. आमची सूचना साधी आहे : प्रत्येक जुन्या गाडीसोबत एक वही असावी. कोणता भाग बदलला, कोणत्या वर्षी, कोणी ओतला, जुना भाग कोठे ठेवला. जुना भाग टाकू नये. नवा भाग लपवू नये. ओल्ड नंबर वनचा निकाल अखंड इतिहासावर लागला, आणि असा इतिहास अशाच कागदांतून सिद्ध करावा लागतो.

मराठी शब्दाचा वाद मात्र मिटलेला नाही. ‘दुर्मीळ’ म्हणावे तर एके काळी रस्तोरस्ती धावणारी पद्मिनी त्यात बसत नाही. ‘अभिजात’ म्हणावे तर ती पुन्हा पहिल्या वर्गाची मिरासदारी. ‘पुरातन’ हा शब्द मोटारीला पेलत नाही. मागच्या बैठकीत एकाने ‘जाणती गाडी’ असे सुचवले, आणि क्षणभर सगळ्यांना ते आवडले. मग कोपऱ्यातून आमचे मिस्त्री म्हणाले, “गाडीला काय कळतंय? तिचं काय दुखतंय ते आम्हांलाच जाणावं लागतंय की.” तो शब्द वहीत लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे.